फ्लेक्सवरचा चंद्र

भाईंदरच्या केबिन रोडच्या कोपऱ्यावर, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर माझा फोटो लागलेला मी पहिल्यांदा रिक्षातून पाहिला. रिक्षा तिथे नेहमीसारखी अडकली होती. आधी दिसला शनी, चांगली ऐसपैस कडी असलेला. त्याच्या शेजारी पासपोर्टच्या फोटोतली मी, कान दिसावेत म्हणून केस मागे बांधलेली. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या सोसायटीची कन्या, परग्रहाचा चंद्र शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि त्याच्याही खाली सोसायटीची कमिटी हात जोडून उभी. मी तिथेच रिक्षा सोडली आणि फुटपाथवर उभी राहून ते वाचत राहिले. तो चंद्र खरा आहे की खोटा, हे पृथ्वीवर एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस मी नव्हते.

हे जरा नीट सांगायला हवं. दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना चंद्र किंवा कडी आहेत का, हे शोधणं माझं काम. एका संशोधन संस्थेत आमचा छोटासा गट आहे. ऐकायला हे भारी वाटतं, पण मी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. गोडदेवच्या आमच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत मी लॅपटॉपसमोर बसते आणि बाहेर आईचा कुकर शिट्ट्या देत असतो. दुर्बीण अवकाशात आहे. तिने टिपलेला ताऱ्यांचा उजेड आकड्यांच्या रूपात आमच्याकडे येतो. एखादा ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला की उजेड किंचित कमी होतो आणि आलेखात खड्डा पडतो. त्या ग्रहाला चंद्र असेल तर मोठ्या खड्ड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे आणखी एक इवलासा खड्डा दिसायला हवा. कडी असतील तर खड्ड्याच्या कडा जरा सैल उतरतात. बस, एवढंच.

पण तारे स्वतः स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यावर डाग येतात, जातात. दुर्बीण तापते, निवते. या सगळ्या गोंधळात तो इवलासा खड्डा शोधणं म्हणजे केबिन रोडवरच्या हॅलोजनसमोरून डास गेला का, हे खाडीपलीकडे वसईला बसून सांगणं. असे ग्रह आजवर हजारोंनी सापडलेत, पण सगळ्यांनी मान डोलवावी इतका पक्का चंद्र त्यांच्यातल्या एकाचाही नाही. दावे झाले, त्यांच्यावर भांडणं झाली, आणि माणसं तोंडघशीही पडली.

म्हणून आमच्या सरांनी एक पद्धत लावून दिली आहे. सर खोटे चंद्र पेरतात. खऱ्या ताऱ्याच्या खऱ्या आकड्यांमध्ये, चंद्र असता तर जसा खड्डा पडला असता तसा ते गुपचूप घालून ठेवतात आणि मग ती सगळी माहिती आम्हाला शोधायला देतात. कधी एखादा पेरतात, कधी एकही नाही. कुठे पेरला आणि पेरला की नाही, हे फक्त त्यांना ठाऊक. आम्ही शोधायचं, पारखायचं, आणि एकदा सगळ्यांसमोर ठामपणे सांगायचं की हा चंद्र आहे किंवा नाही. त्यानंतरच सर तोंड उघडतात. क्रूर वाटेल, पण त्यात शहाणपण आहे. पेरलेला सापडला नाही, तर खराही आपल्या हातून सुटेल हे कळतं. आणि आपण हावरटासारखं कशालाही चंद्र म्हणायला लागलोय का, हेही कळतं.

मला एक सापडला होता. मोठा, वायूचा ग्रह, आणि त्याच्याजवळ तो छोटा खड्डा. ग्रहाच्या एका फेरीला अलीकडे, पुढच्या फेरीला पलीकडे, मग पुन्हा अलीकडे. ग्रहाभोवती काहीतरी फिरत असेल तर अगदी असंच दिसायला हवं. त्याला मारायचे सगळे उपाय मी करून पाहिले. आलेख वेगळ्या पद्धतीने सरळ केला, संशयास्पद आकडे काढून टाकले, शेजारच्या ताऱ्याचा उजेड त्यात मिसळतोय का तेही तपासलं. तो काही मरेना. मी त्याच्या प्रेमात पडले होते, हे सरळच सांगते. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी मी तो आलेख उघडून बघायचे.

आणि एकदा जेवताना मी बाबांना सांगितलं. सगळ्या अटींसकट सांगितलं, हे मी कोर्टातही सांगेन. कदाचित, अजून पक्कं नाही, सरांनी पेरलेला असू शकतो. बाबांनी त्यातलं 'चंद्र' आणि 'सापडला' एवढंच उचललं.

बाबांची ही घाई मला कळत नव्हती असं नाही. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण या बिल्डिंगमध्ये बाबांची ओळख 'वो काका, जिनकी लडकी घर पे रहती है' अशीच होती. लिफ्टमध्ये कोणीतरी विचारायचंच, "लडकी क्या करती है, काका? जॉब नहीं करती?" बाबा सांगायचे, "सायंटिस्ट आहे." मग समोरचा माणूस दुपारी बाराला गाऊनमध्ये कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाऱ्या मला आठवून गालात हसायचा. बाबांना ते हसू झोंबायचं. मग एके दिवशी त्यांनी सेक्रेटरींना गाठलं.

आमच्या सोसायटीत दरवर्षी सत्यनारायणाची पूजा असते आणि पूजेनंतर गुणवंतांचा सत्कार. दहावी-बारावी पास झालेल्या मुलांना शाल, श्रीफळ आणि स्टीलचा डबा. या वर्षी त्या मुलांच्या रांगेत मीही होते. पूजा रविवारी होती. आमच्या गटाची बैठक, ज्यात मी ठाम सांगायचं आणि सरांनी तोंड उघडायचं, ती आदल्याच दिवशी, शनिवारी चार वाजता.

फ्लेक्स पाहून मी घरी आले आणि चप्पल काढण्याआधी ओरडले.

"बाबा, फोटो कोणी दिला?"

"मी दिला. वाईट आलाय का?"

"बाहेर एक शब्द बोलायचा नाही असा नियम आहे आमचा. तो खोटा निघाला तर?"

"तू शोधलायस ना? मग खोटा कसा निघेल?"

"बाबा, सरांनी मुद्दाम पेरलेला असू शकतो. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग एक फोन कर सरांना. पेरलाय की नाही, एवढंच विचार. हो किंवा नाही."

"असं विचारता येत नाही. विचारलं तर सगळ्यांची वर्षाची मेहनत पाण्यात."

"आणि माझं काय? सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलोय मी."

मी आत गेले आणि दार आपटलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दाराचा काय दोष?"

मी सेक्रेटरींकडे जाऊन फ्लेक्स उतरवायला सांगितलं. ते गुजराती, सज्जन गृहस्थ, पण त्यांच्या डोक्यात एकदा कार्यक्रम बसला की बसला. "अरे बेटा, कैसे उतारेंगे? पूजा तक तो रहने दो. पप्पा कितने खुश हैं, देखा नहीं तुमने?" पाहिलं होतं. म्हणूनच तर जीव वरखाली होत होता.

शुक्रवारी दुपारी सरांचा फोन आला. सर सहसा फोन करत नाहीत.

"केबिन रोड तुमच्याकडेच ना?" सरांनी विचारलं. संस्थेतलं कोणीतरी मीरा रोडला राहतं आणि त्या माणसाने फ्लेक्सचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता.

"सर, माझ्या वडिलांनी..."

"कळलं. मी तुला काही सांगणार नाही आणि तूही विचारू नकोस. फ्लेक्स उतरवता आला तर बघ."

"हो सर."

"शनी का लावलाय पण?"

"चंद्र नुसता गोळा दिसतो म्हणाले असतील."

सर हसले. "उद्या चारला भेटू," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या हसण्याची मी जेवढी चिरफाड केली तेवढी त्या आलेखाचीही केली नसेल. चंद्र खरा असता आणि बातमी अशी रस्त्यावर आली असती, तर सर चिडले असते. ते चिडले नाहीत. म्हणजे त्यांनीच पेरला असणार. पण खरा असेल तर ते मनातून खूश असणार आणि खूश माणूस हसतो. शिवाय त्यांचा आवाज मऊ होता. पडणाऱ्या माणसाशीच आपण इतक्या मऊपणाने बोलतो ना? मी फोन उचलून त्यांचं नाव पुन्हा पुन्हा उघडलं. एक बटण दाबलं असतं तर काम झालं असतं. मी दाबलं नाही. तत्त्वाला जागले म्हणावं, तर तसं नाही. उत्तराची भीती वाटत होती.

शनिवारी सकाळी डोंगरी गावची कोळीण मावशी मासळी घेऊन दारात आली. तिनेही नाक्यावरचा फोटो पाहिला होता.

"काय गो, चंद्र हाय का न्हाय, येवढं सांग मना."

"संध्याकाळी कळेल, मावशी."

"म्हंजे तुला बी म्हाईत न्हाय?" तिने टोपली खाली ठेवली आणि पोट धरून हसली. "आनी फोटू लावलास?"

आईने बोंबील घेतले. मला ते जेवताना गिळवेनात.

चार वाजता मी लॅपटॉप लावला. खाली मांडव बांधून झाला होता आणि कोणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं, म्हणून आईने आतल्या खोलीची खिडकी लावून घेतली. प्रसादाच्या शिऱ्याचं काम आमच्या घराकडे आलं होतं. रव्याचा आणि तुपाचा वास खोलीत कोंडला. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत, भराभर आणि त्या विषयाच्या भाषेत चालतं. त्यांना त्यातलं काही समजणार नव्हतं, तरी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

सरांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. एक सहकारी म्हणाला, मला पटतंय पण थोडी शंका आहे. दुसरी म्हणाली, माझी हरकत नाही. मग सर म्हणाले, "आता तू."

मी आलेख दाखवला, मारायचे केलेले उपाय एकेक करून सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "माझ्या मते हा चंद्र आहे. मी ठाम आहे." खालून माइकवर मोठी शिट्टी वाजली आणि थांबली. सरांनी चष्मा काढला.

"बरं," ते म्हणाले, "तो मी पेरला होता."

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मला आजही त्या टाळ्यांचा राग येतो, आणि त्या योग्य होत्या हेही मला ठाऊक आहे. इतका लहान चंद्र आमच्या पद्धतीला याआधी कधीच सापडला नव्हता. सर तर खुर्चीतून अर्धे उठले होते. "कळतंय ना तुला? उद्या असा खरा कुठे असेल तर आपल्याला दिसेल!" सहकाऱ्याने स्क्रीनसमोर चहाचा कप उंच धरला. मी थँक यू म्हणाले, नेट नीट नाही असं खोटं सांगितलं आणि कॅमेरा बंद केला. मग रडले. तो तारा होता, तो ग्रहही होता, आणि ग्रहाच्या शेजारी इतके महिने ज्याला मी रोज सकाळी भेटत होते ते कधी नव्हतंच. जे नव्हतंच ते गेल्याचं दुःख कोणाला सांगायचं? सांगितलं तर लोक वेड्यात काढतील.

तोंड धुऊन बाहेर आले तर दारातली खुर्ची रिकामी होती.

"बाबा कुठे?"

"खाली," आई शिरा ढवळत म्हणाली. "टाळ्या ऐकल्या ना त्यांनी. पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेले."

मी खिडकी उघडली. खाली मांडवात बाबा उभे होते, भोवती सात-आठ माणसं, आणि सेक्रेटरी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होते. लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने पळाले.

"ये, ये!" बाबा मला बघून मोठ्याने म्हणाले. "हिलाच विचारा! पक्का झाला ना?"

मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे नेलं.

"बाबा, तो सरांनी पेरलेला होता."

"पण टाळ्या वाजल्या."

"त्या माझ्या कामाला. चंद्राला नाही."

मग हातातल्या बॉक्सकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यात अजून पेढे होते. त्यांनी झाकण लावलं, ते नीट बसेना, पुन्हा लावलं.

"म्हणजे तिथे काही नाही."

"मला सापडलेलं तरी काही नाही."

"आता यांना काय सांगू मी?"

माझ्या उभ्या आयुष्यात बाबांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. गिळलं याचं आज बरं वाटतं.

"तू वर जा," ते म्हणाले.

मी वर आले. ते कोणाशी काय बोलले ते मला कळलं नाही. रात्री जेवल्यावर, इस्त्रीचे दोन शर्ट तयार असताना त्यांनी आईला तिसऱ्याला इस्त्री करायला सांगितली. मी विचारायचं धाडस केलं नाही.

रविवारी पूजा झाली, कथा झाली, आरती झाली. शिऱ्याचे द्रोण वाटून झाल्यावर सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. दहावीची एक मुलगी शाल घेऊन लाजत खाली उतरली, बारावीचा एक मुलगा सेल्फी काढून उतरला. मग सेक्रेटरी म्हणाले, "और अब हमारी सोसायटी की शान, जिन्होंने दूसरे ग्रह का चाँद ढूँढा है..."

म्हणजे बाबांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

सगळ्या बायका माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होत्या. मी उठले. मला दोनच वाटा दिसत होत्या. नसलेल्या चंद्रासाठी शाल घ्यायची, म्हणजे आमचं सगळं काम ज्या एका गोष्टीवर उभं आहे तिच्यावरच पाणी सोडायचं. नाहीतर माइक घेऊन खरं सांगायचं, म्हणजे समोर पहिल्या रांगेत बसलेल्या बाबांचं नाक सगळ्यांदेखत कापायचं. मी दुसरं ठरवलं. मंचावर चढताना मला बाबांचा भयंकर राग येत होता, की ही वेळ त्यांनी माझ्यावर आणली.

मी माइककडे हात केला, तेवढ्यात बाबा मंचावर आले. त्यांनी सेक्रेटरींच्या हातून माइक घेतला. खोकले.

"माझ्या मुलीला चंद्र सापडलेला नाही," ते म्हणाले. "मी काल सगळ्यांना पेढे दिले, ते चुकीचे दिले. ती मला आधीपासून सांगत होती. मीच ऐकलं नाही. फ्लेक्सपण मीच लावायला लावला. तिचा यात काही दोष नाही."

मागून कोणीतरी हिंदीत विचारलं, काय म्हणाले, आणि कोणीतरी हळूच सांगितलं. बाबांची मान ताठ होती, आणि अंगात रात्री इस्त्री करून घेतलेला तो तिसरा शर्ट होता. तो कशासाठी ते मला आत्ता कळलं. सगळा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्यांना तिथून उचलून घरी न्यावं असं वाटलं.

"ती शोधतेय," बाबा पुढे म्हणाले. "एवढंच आहे. शोधतेय."

सेक्रेटरी शाल उलगडून तसेच उभे होते. "कोई बात नहीं, काका," ते म्हणाले. "शाल तो ले लो. बेटी ने मेहनत तो की है."

"नको. जपून ठेवा. सापडेल तेव्हा घेऊ."

"कब तक रखें?" त्यांनी विचारलं. त्यात चेष्टा नव्हती. शाल कपाटात ठेवायची तर किती दिवस ठेवायची, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ज्या ग्रहांना चंद्र असण्याची आशा धरावी, ते आपल्या ताऱ्यासमोरून वर्षा-दोन वर्षांनी एकदा जातात, आणि एक चंद्र पक्का करायला अशा कितीतरी फेऱ्या बघाव्या लागतात. तोही असलाच तर. हा हिशेब मला झोपेतही येतो. तो मी तिथे, मंचावर उभ्या उभ्या केला.

बाबांनी माइक माझ्यापुढे धरला होता.

"लवकर," मी म्हणाले.

माझ्याकडे त्याचा कसलाही पुरावा नव्हता. बाबांनी मान डोलावली, आणि मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून माइक स्वतःकडे घेऊन पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं, "लवकर, म्हणतेय."